हात बांधलेली बाई

देवसिंग नायक तांडा, मु. पो. बोरी अरब
२४ नोव्हेंबर २०२४

शीले,

जय सेवालाल. आशीर्वाद शेवटी देईन, आधी काम सांगते.

फोन काहून नाही केला म्हणून विचारू नको. फोनवर तू 'हो दादी, हो दादी' करते अन् तिकडे दुसऱ्याशीच बोलत राह्यते. पत्राले मधात कापता येत नाही. चौथीपर्यंतचं माहं लिवणं आहे. काना-मात्रा राह्यला असन तर वाचताना तूच लावून घे.

तुहा बाप अन् तुही याडी दिवाळीचा फराळ संपायच्या आधीच ऊस तोडाले गेले. ट्रॅक्टरवर चढता चढता माह्या उत्तमनं तुह्या लहान्या बहिणीचं सांगतलं, "पुढच्या जूनले दिपालीचा पुसदच्या वसतिगृहाच्या शाळेत नंबर लागला तर ठीक. नाही लागला तर पुढच्या दिवाळीले ती आमच्यासंग येईन. अकरा वर्षाची पोर खोपीत सैपाक तरी करते." संगीता कोयत्याले फडकं गुंडाळत बसली.

आता कामाचं. शाळेत गुरुजी आठवड्यातून दोनदा येते. बाकीचे दिवस तुह्या कंपनीची बाई शिकवते. पोराइले एकेक टॅब भेटला, घरी बी न्यायचा. बाई त्याच्या पडद्यात उभी राह्यते. गोरी, सरळ नाकाची, साडी अशी का बसली-उठली तरी चुणी पडत नाही. मी म्हणलं, ही आपल्यातली नव्हे. मंग तिनं फळ्याकडे बोट दाखवायच्या आधी बोटं कमरेले पुसली. कणकीतून हात काढल्यावर तू पुसते तशी. मी दिपालीले म्हणलं, "थांब व, ही तर आपली शीली." चेहरा कोणाचा राहो, हात तुहे आहेत. उजव्या पायावर भार टाकून उभं राह्यणं तुहं आहे. मागं तू सांगतलं होतं का कंपनीवाले तुह्या अंगाचं हलणं-चालणं टिपून घेतात, तवा मले ते लय वंगाळ वाटलं होतं. कोणाजवळ बोलली नव्हती. आता समजलं काय टिपतात ते.

आता साऱ्या तांड्याले सांगतलं. शेजारची हंसाबाई म्हणे, "शीली टीव्हीत गेली, पण नाक दुसऱ्याचं घेऊन गेली." जळते.

दिपाली खूश आहे. ओढणी डोक्यावर घेते, मांडी घालून बसते अन् खालच्या मानेनं ऐकते. मीच सांगतलं तिले, बहीण होती तवा होती, आता मास्तरीण आहे. मास्तरणीच्या तोंडाकडे टकमक पाहू नये. गावातल्या वामनरावाचा ऋतिक बी याच शाळेत आहे. तो बाईसमोर बैलासारखा डोळे फाडून बसते. त्याले घरी कोणी वळणच लावलं नाही.

पुसदच्या नंबराचं कसं असते ते लिव. आशीर्वाद.

तुही दादी
रुपीबाई

पुणे
९ डिसेंबर २०२४

प्रिय दादी,

तुझं पत्र खोलीतल्या मैत्रिणींना वाचून दाखवलं. हंसाबाईच्या वाक्याला सगळ्या हसल्या. बोटं कमरेला पुसण्याचं वाचून मात्र मी थोडी दचकले. इथे इतक्या लोकांनी ते तासन्‌तास पाहिलं, कोणाच्या लक्षात आलं नाही.

तुला वंगाळ वाटलं तसं काही नसतं ग. अंगावर काळे घट्ट कपडे असतात, त्यावर जागोजाग पांढरे गोळे चिकटवतात. चारी भिंतींवर कॅमेरे. मी चालते, वळते, बोट दाखवते. संगणक त्या गोळ्यांचं हलणं टिपतो आणि तेच त्या बाईला देतो. चेहरा चित्रकारांनी काढला, आवाज तिसऱ्याच मुलीचा. माझं फक्त अंग.

आमचे सर म्हणतात, मूल शब्द नंतर ऐकतं, आधी शरीर वाचतं. बाई पुढे झुकली तर त्याला वाटतं, हिला माझं ऐकायचंय. तिनं मान हलवली तर वाटतं, बरोबर चाललंय. आणि मूल लक्ष देत नसेल तर बाई एक पाऊल मागे जाते, हात बांधते आणि गप्प उभी राहते. पुण्यातल्या मुलांवर हे करून पाहिलं. ती लगेच सावरून बसली, दोघं-तिघं तर हसत 'सॉरी टीचर' म्हणाली. त्या हात बांधण्याचं सरांना फार कौतुक. म्हणाले, एक शब्द न बोलता इतका धाक कुठून आणलास?

पुसदच्या शाळेत यंदा परीक्षा नाही. आमच्या बाईचा अहवाल जातो. मूल किती शिकलं, किती लक्ष देतं, ते त्यात असतं. दिपाली हुशार आहे, तिची मला काळजी नाही. ती मान खाली घालून ऐकते हे वाचून बरं वाटलं. आपलं वळण विसरली नाही.

एक विनंती. ती बाई म्हणजे मी, हे कोणाला सांगू नकोस. कंपनीशी तसा करार आहे. तांड्याला सांगून झालंय हे मला माहीत आहे, तरी.

तुझी
शीला

तांडा
१८ जानेवारी २०२५

शीले,

करार तुह्यापाशी ठेव. तू दिपालीवर काहून रागावली ते सांग.

मजाक नाही. पह्यले पंधरा दिवस बाई बरी बोलली. मंग एक दिवस मागं सरकली, हात बांधले अन् उभी राह्यली. आता रोजच. पोरगी समोर बसली का ही मागं सरकली. अन् धडा उलटा चालला. आधी अपूर्णांक होते. मंग वजाबाकीवर आली. आता झाडावर आंबे किती म्हणून विचारते. पाचवीतल्या पोरीले. ती खालच्या मानेनं 'सात' म्हणते. सातच असतात, मी पाह्यलं. बाई हूं नाही का चूं नाही.

तोच तो ऋतिक. त्याले आंबे बी मोजता येत नाही. पण तो बाईकडे पाहून दात काढते, अन् बाई त्याच्याकडे वाकून म्हणते, "छान प्रयत्न, ऋतिक." माह्या कानानं ऐकलं. असा काय प्रयत्न केला त्यानं, दात तर माकडालेही काढता येतात.

मी माह्या परीनं पाह्यलं. मोठ्या माणसाले राग आला का पाय धरावं, असं पोरीले सांगतलं. तिनं टॅब पाटावर ठेवला अन् पाया पडली. कपाळ जमिनीले लावून किती वेळ राह्यली. बाई हात बांधून उभीच. मंग हंसाबाई म्हणे, नजर लागली असन. मीठ-मिरची उतरवली. धुरानं पोरगी खोकली, मी खोकली, कुत्रं बाहेर गेलं. बाईले काही झालं नाही.

आता पोरगी भाकर खाता खाता मधातच थांबते अन् विचारते, "दादी, ताई माह्यावर काहून रागावली?" मले याचं उत्तर पाहिजे. मायबाप तिकडे फडात. ही एक बहीण डब्यात भेटली, ते बी तोंड फिरवून. तुले काही म्हणायचं असन तर मले म्हण. माहं कातडं जाड आहे.

रुपीबाई

ताई, मी दिपाली. दादी गोवऱ्या आणायला गेली म्हणून खाली लिहिते. मला अपूर्णांक येतात. पाव आणि पाव मिळून अर्धा होतो. तू विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं, पण हळू सांगितलं. तू मागे गेली म्हणून पुढचं सांगितलं नाही. माझं काय चुकलं ते एकदा सांग. मी परत तसं करणार नाही.

पुणे
४ फेब्रुवारी २०२५

दादी,

हे आधी दिपालीला वाचून दाखव. आडव्या रेघेच्या खालचं मात्र एकटीनं वाच.

दिपू, तुझं काहीही चुकलं नाही. ती बाई मी नाही. माझं फक्त हलणं तिला दिलंय, जसं ताईचा जुना फ्रॉक तू घातलास तरी तू ताई होत नाहीस. ती रागावत नाही, तिला रागावताच येत नाही. टॅबच्या वरच्या कडेला एक बारीक काच आहे. त्यातून ती तुझे डोळे शोधते. डोळे दिसले की तिला वाटतं तू ऐकतेस. दिसले नाहीत की वाटतं ऐकत नाहीस. पहिले पंधरा दिवस ती नुसती टिपून ठेवते, मग तसं वागते. तेवढंच तिला कळतं. मान वर कर, तिच्याकडे बघ आणि ऋतिकपेक्षा मोठ्यानं बोल. मला पाव, अर्धा, पाऊण सगळं ऐकायचंय.

---

दादी, तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस की ती खाली मान घालून बसते. मी वाचलं आणि मला बरं वाटलं. मीच ते यंत्र बनवणाऱ्यांत बसते, तरी माझ्या डोक्यात आलं नाही.

मी अहवाल उघडून पाहिला. मला तशी परवानगी नाही. दिपालीच्या नावापुढे ओळीनं 'लक्ष नाही' आहे. तांड्यातल्या सगळ्याच मुलींपुढे तेच आहे. मी सरांना सांगितलं की आमच्याकडे मुली मोठ्यांसमोर नजर वर करत नाहीत. सर वाईट नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं, म्हणाले, फार महत्त्वाचं बोललीस, जूनमध्ये नवी बाई येईल तेव्हा सुधारू. मी म्हटलं, पुसदची यादी मार्चमध्ये लागते. तर म्हणाले, यंत्राच्या अहवालात माणसानं हात घातला तर त्यावर विश्वास कोण ठेवणार?

अजून महिनाभर आहे. तिला बघायला शिकव.

शीला

तांडा
२३ मार्च २०२५

शीले,

शिकव म्हणणं सोपं आहे. ऐक काय झालं ते.

मी दिपालीले समोर बसवलं अन् म्हणलं, माह्या डोळ्यात पाह्य. तिनं पापण्या उचलल्या अन् पाडल्या. दुसऱ्यांदा तिनं पाह्यलं तर माहीच नजर चुलीकडे गेली. मलेही सवय नाही. बारा वर्ष सासूसंग एका चुलीवर सैपाक केला, तिच्या डोळ्याचा रंग कोणता होता ते आज मले सांगता येत नाही. तिच्या पायातल्या कड्यावरची नक्षी मात्र विचार, काढून दाखवते.

तरी सोडलं नाही. टॅबसमोर तिच्या बाजूले बसली अन् तिची हनुवटी धरून मान वर केली. पोरीनं पाह्यलं. पण तवर बाई मागं सरकली होती. आता एवढ्या दिवसात मी पण त्या बाईकडे नीट पाह्यलं नव्हतं, बाजूनं पाहत होती. तवा समोरून पाह्यलं. हात बांधलेले, हनुवटी थोडी वर, एक खांदा दाराच्या चौकटीले टेकल्यासारखा. तिथं चौकट नाही, तरी टेकलेला.

शीले, ते तुहं नाही. ते माहं आहे.

मी अशी उभी राह्यली का उत्तमसारखा बाप्या माणूस घास खाली ठेवते. तू शेरडं सोडून खेळाले गेलती अन् ती दुसऱ्याच्या तुरीत शिरलती, तवा मी दारात अशीच उभी होती. ते तू कंपनीले दिलं. मले त्याचं वाईट वाटत नाही. नवरा गेल्यावर त्या उभं राह्यण्यावर मी घर चालवलं. पण ते दारात उभं राह्यचं काम आहे, शिकवायचं नाही. अन् या पोरीले रांगत होती तवापासून ठाऊक आहे, दादी अशी उभी राह्यली का मान खाली घालायची अन् तोंड बंद ठेवायचं. तू म्हणते, वर पाह्य. मान खाली जाते म्हणून बाई हात बांधते, अन् बाईनं हात बांधले म्हणून मान आणखी खाली जाते. या रहाटातून पोरगी बाहेर कशी पडन ते तुह्या सरले विचार.

पुसदची यादी लागली. ऋतिकचा नंबर आहे, दिपालीचा नाही. नयन गुरुजीनं कागद वाचून दाखवला. "लक्ष नाही. शिकण्याची तयारी कमी." वामनराव पेढे घेऊन आला अन् दारातच उभा राह्यला. म्हणे, "काकू, आमच्या पोराले पाढे दिपालीच सांगते." त्याले लाज वाटत होती. पेढा मी ठेवून घेतला, पेढ्याचा काय गुन्हा.

होळी झाल्यावर पोरीले घेऊन बसनं पुसदले गेली. म्हणलं, कागदापरीस माणूस बरं. तिथली मॅडम वाईट नव्हती. आम्हाले बसवलं, पाणी पाजलं. दिपालीले म्हणाली, "बाळ, एका भाकरीचे सारखे चार तुकडे केले आणि एक तू खाल्लास, तर किती भाकरी उरली?" पोरीनं तोंड उघडलं. मले तो शब्द तिच्या ओठावर दिसला. तेवढ्यात मॅडम ऐकाले म्हणून खुर्चीत मागं टेकली अन् हात बांधले. पोरगी थांबली. मॅडम म्हणाली, घाबरू नको, सांग. बोलली गोड, पण हात बांधलेलेच. पोरीचे डोळे त्या हातावर. मी म्हणलं, "मॅडम, हात सोडा." ती म्हणाली, "काय?" मी म्हणलं, "तुमचे हात सोडा, मंग पोरगी बोलते." मॅडमनं शिपायाकडे पाह्यलं. तिले वाटलं, म्हातारी भांडाले आली. शिपायानं आम्हाले दारापर्यंत पोचवलं, अदबीनं.

बस स्टँडवर पोरगी म्हणे, "पाऊण उरते दादी."

तुही बाई काहीच शिकवत नाही असं मी म्हणणार नाही. एक गोष्ट तिनं पक्की शिकवली. समोरच्यानं हात बांधले का थांबायचं.

रुपीबाई

पुणे
१० एप्रिल २०२५

दादी,

खरं आहे, ते तुझंच आहे.

त्या दिवशी सरांनी सांगितलं, न बोलता थांबवेल असं काहीतरी दे. मी दोन-तीन प्रकार करून पाहिले, ते म्हणाले, हे नाटकी वाटतं. मग मी डोळे मिटले आणि तू दारात उभी राहिलीस. एकदाच केलं. सगळे एकदम गप्प झाले. मला तेव्हा अभिमान वाटला होता.

काल मी सरांना म्हटलं, माझं ते हलणं काढून टाका, आजच काढा. ते म्हणाले, ते आता तुझं नाही, करारानं कंपनीचं आहे. जूनच्या नव्या बाईत हात बांधणं नसेल, ती फक्त हसेल आणि मान हलवेल. पण जुनी बाई तोवर आहे तिथे आहे, किती जिल्ह्यांत ते त्यांनाही धड सांगता आलं नाही. मी नोकरी सोडली तरी तू तशीच उभी राहशील, दादी. कुठल्या कुठल्या मुलींसमोर.

मे महिन्यात सुट्टी घेऊन येते. दिपालीला मी स्वतः शिकवते. बाबा परत आले असतील तर त्यांना सांग, मी येईपर्यंत काही ठरवू नका.

शीला

तांडा
२ जून २०२५

शीले,

तू आली, राह्यली, गेली. बरं केलं. पण तुले वाटलं का मी चुलीपाशी बसून फक्त भाकरीच थापत होती. मी सारं पाह्यलं, ते लिवते.

तू आली तवा आपल्या रितीनं गळ्यात पडून रडणं झालं. मी रडली, संगीता रडली. दिपाली बी रडली, मोठ्या बायासारखं सूर धरून, तुही पाठ घट्ट धरून. तू मले म्हणली, "बघ दादी, मोकळी झाली." गळ्यात पडलं का कोणाचं तोंड कोणाले दिसत नाही, म्हणून मोकळी झाली.

मंग तू तिले ओसरीत घेऊन बसायची. पाटीवर भाकर काढायची, तुकडे करायची. ती बोलत होती. हळू, पण बोलत होती. पाव सांगतला, अर्धा सांगतला. तुह्या जायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. ती तुले भाकरीचा हिशेब समजावून सांगत होती, शीले, ती तुले सांगत होती. तू ऐकता ऐकता उठली, खांबाले टेकली अन् हात बांधले. रागानं नाही, मले माहीत आहे. बसून बसून कंबर आखडली असन. पोरगी 'पाऊण अन्' पर्यंत आली अन् थांबली. ओढणीनं पाटी पुसून टाकली. तू म्हणली, "दमली वाटतं. उरलेलं सकाळी करू." सकाळी तुही बस होती.

तवा सांगतलं असतं तर तू गेली नसती, अन् राहून बी काय केलं असतं. हात कापून ठेवले असते काय. ते बांधणं तुह्या अंगात माह्याकडून आलं, माह्या अंगात माह्या याडीकडून. कोणी आणून ठेवलं नाही, आपोआप होते.

उत्तमशी मी भांडली. तो म्हणे, "याडी, तीन महिने बाई तिच्यासमोर उभी राह्यली, तरी पोरगी शिकली नाही. सरकारी कागदावर लिवलं आहे." मी म्हणलं, कागद खोटा आहे. तो म्हणे, "असन खोटा. पुसदवाल्याइले खरा वाटला ना. उसाच्या फडात मान खालीच लागते." मी हात बांधून उभी राह्यली. पह्यल्यांदा त्यानं घास खाली ठेवला नाही.

रुपीबाई

पुणे
१९ ऑगस्ट २०२५

दादी,

तुझं पत्र आल्यापासून मी माणसांशी बोलताना हात कुठे आहेत ते बघत असते. मीटिंगमध्ये मांडीखाली घालून बसते. मैत्रिणी हसतात.

नवी बाई टॅबमध्ये आली असेल. मी स्वतः तपासली आहे. ती हात बांधत नाही, मागे सरकत नाही. नजर खाली असली तरी थांबते, पुन्हा विचारते. उत्तर नाही आलं तरी मान हलवते आणि हसते. दिपालीला तिच्यासमोर बसव. पुढच्या मार्चमध्ये पुसदची यादी पुन्हा लागेल. मी बाबांना फोन केला होता, त्यांनी 'बघू' म्हटलं. 'बघू' म्हणजे काय ते तुला कळतं.

नोकरी सोडली नाही. सोडली असती तरी बाई तर तिथेच राहणार होती.

या वर्षी दिपूनं टोपलीत गहू घालून तीज पेरली का?

शीला

तांडा
१६ नोव्हेंबर २०२५

शीले,

तुह्या पत्राचं उत्तर राह्यलं होतं. लिवण्यासारखं नव्हतं म्हणून राह्यलं.

तीज पेरली होती तिनं. टोपलीतले गहू साऱ्या पोरीइच्यापेक्षा उंच आले. हंसाबाई म्हणे, "हिच्या हाताले गुण आहे." बाकीच्या पोरी गाणं म्हणत होत्या, ही ओठ हलवत होती. आवाज नव्हता. मी बाजूलेच उभी होती, म्हणून समजलं.

नव्या बाईसमोर मी तिले बसवलं. बाई हसली, वाकली, मान हलवली. पोरगी तिच्या हाताकडेच पाहत राह्यली, आता बांधते का मंग बांधते. किती दिवस बसली तशी. मंग तिनं आपणहून टॅब फडक्यात गुंडाळून कणगीवर ठेवून दिला अन् मले म्हणाली, "दादी, ही ताई खोटी हसते. पह्यली बरी होती. ती खरी रागवत होती."

दिवाळी झाल्यावर गेले. उत्तम, संगीता अन् दिपाली. ट्रॅक्टरमधे भांड्याच्या पोत्यावर बसली. मी दारात उभी होती. हात बाजूले सोडून उभी राह्यली, मुद्दाम. तिनं वर पाह्यलंच नाही, तिले कसं दिसन.

उत्तमचा फोन आलता हंसाबाईच्या फोनवर. पोरगी मोळ्या बांधते. मुकादम खूश आहे. म्हणे, ही पोर बडबड करत नाही.

काल नयन गुरुजी टॅब न्याले येणार होता. म्हणलं, द्यायच्या आधी एकदा पाहून घेऊ. कणगीवरून काढला, पदरानं पुसला, उघडला. बाई आली. हात सोडलेले. तुहेच हात, बोटं कमरेले पुसली. माह्याकडे वाकून म्हणाली, "ये दिपाली, आज आपण अर्धा आणि पाव शिकू."

तिले माह्यात अन् दिपालीत फरक समजत नाही. डोळे दिसले म्हणजे झालं.

मी तिच्या डोळ्यात पाह्यलं. सासूच्या डोळ्यात पाह्यलं नाही, नवऱ्याच्या बी धड पाह्यलं नाही, हिच्या पाह्यलं. तिनं विचारलं, अर्धा आणि पाव मिळून किती? मी काही बोलली नाही. पाहत राह्यली, त्या ऋतिकसारखी. ती थांबली. पुन्हा विचारलं. मी पाहतच राह्यली. तिनं मान हलवली अन् म्हणाली, "छान प्रयत्न, दिपाली. तुझं खूप लक्ष आहे." मंग पुढचा धडा, मंग त्याच्या पुढचा. मी एक शब्द बोलली नाही अन् तिनं मले सहावीत नेऊन सोडलं.

गुरुजी आला तवा त्यानं टॅब पाह्यला अन् म्हणाला, "काकू, पोरीनं शेवटी मनावर घेतलं की. लक्ष उत्तम, प्रगती उत्तम. पुसदले पाठवू का अहवाल?" मी म्हणलं, पाठव.

पाठवला त्यानं. कागदावर आता तुही बहीण हुशार आहे.

आशीर्वाद.

रुपीबाई